हौदातले सहा मोनो

३० मार्च, गुढीपाडवा. सकाळी ९.
विश्वजीतचा पुण्याहून फोन. "बाबा, दोघंही इकडेच या. तिथे तुमच्याकडे बघायला कोण आहे?" छत्तीस वर्षे आस्थापना शाखा सांभाळलेल्या माणसाला हा प्रश्न! मी उत्तरलो, की मी स्वतःखेरीज आणखी सहा जीव सांभाळू शकतो. ठरले: सहा मासे दसऱ्यापर्यंत जगले, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. एक जरी गेला, तर आम्ही पुण्यास. सौ. अनुसूयेने साक्षीदार म्हणून मान डोलावली. जरा अधिकच उत्साहाने.

२ एप्रिल.
शोभेचे मासे विकणाऱ्या रणजीतच्या दुकानी गेलो. तो गोल्डफिश दाखवू लागला. सोपे मासे पाळून जिंकणे मला अशोभनीय वाटते. मोनो निवडले: रुपेरी, चपटे, डोळ्यावरून काळी पट्टी. रणजीत म्हणाला, "काका, हे खाडीतले. मचूळ पाणी लागतं, कळपानं राहतात, अन् बशीएवढे होतात. तुमची तीन फुटी टाकी पुरायची न्हाई." त्याच्या पाटीवरील 'मिळतिल' प्रथम दुरुस्त करविले. मग मासे घेतले.

३ एप्रिल.
मासा भांड्याच्या मापाने वाढतो, हे सर्वश्रुत आहे. तीन फूट पुरेत. समुद्री मिठाचे पाकीट आणि खारेपणा मोजण्याची काचनळी, दोन्ही नाकारली. घरात खडेमीठ आहे आणि मला जीभ आहे. पाणी चाखले. अनुसूयेच्या आमटीहून किंचित अळणी. योग्य.

१९ मे.
मासे नियमबाह्य वाढत आहेत. कुकरची शिट्टी झाली, की सहाही एकदम काचेवर आदळतात. कुकर बंद ठेवण्याची सूचना दिली. अनुसूयेने विचारले, "मग जेवायला काय वाढू? माशांचं खाद्य?" विषय तहकूब.

११ जुलै. सकाळी ७.
शिट्टीबरोबर एक मासा उसळून थेट दिवाणावर. अनुसूयेने धावत येऊन त्याला ओंजळीत उचलले आणि पाण्यात सोडले. क्षणभरही विचार केला नाही. पैजेच्या अटी तिला नीट समजलेल्या नसाव्यात.

१२ जुलै. दुपारी ३.
ठाम निर्णय. अंगणातील हौद! नळाला पाणी पाच दिवसांआड येते. ते कालच आल्याने हौद काठोकाठ आहे. अकरा किलो मीठ विरघळविले. मासे सोडले. सहाही ऐसपैस. हे आधी कोणालाच कसे सुचले नाही?

त्याच दिवशी, सायंकाळी ६.
अनुसूयेला कळवायचे राहून गेले. चहा नासला. वरण तोंडात धरवेना. "हौदात मीठ? काहून? आता नळ येईस्तोवर प्यायचं काय?" शेजारच्या रुक्माबाईंनी दोन घागरी पाणी दिले आणि पाठोपाठ सारी गल्ली मासे पाहण्यास आणली. म्हणाल्या, "भाऊजी, लोक कोकण पाहाया जातेत, तुमी कोकणच घरात आणलं!" मी हे कौतुक समजतो.

१७ जुलै.
नळ आला. अनुसूयेने सवयीने नळी हौदात सोडली. पाणी ओसंडून अळणी झाले. पुन्हा मीठ.

२३ जुलै.
पुन्हा नळ. पुन्हा नळी. पुन्हा मीठ. किराणा दुकानदाराने विचारले, "काका, लोणचं घालून राहिले काय?"

२९ ऑगस्ट. सकाळी.
मासे काळवंडले आहेत. तळाशी एकमेकांना चिकटून असतात, अन्न घेत नाहीत. हळूहळू शिस्त येत असावी.

सायंकाळी.
अनुसूयेने परस्पर रणजीतला बोलाविले. त्याने हौदात बोट बुडवून चाखले आणि कपाळाला हात लावला. "काका, मासे हायेत हे, कैऱ्या न्हाईत! रोज वेगळं पाणी, तेही घरच्या मिठाचं. चार दिवसांत जातील. माझ्या सहा फुटी टाकीत न्या." मी स्पष्ट शब्दांत नकार दिला. माझे मासे माझ्याच घरी राहतील.

३० ऑगस्ट. सकाळी ६.
सहाही पाण्यावर तोंड काढून धापा टाकीत होते. अनुसूया हौदाशी बसली होती. मी सहाही तोंडे दोनदा मोजली. नकार मागे घेतला. बादली मांडीवर धरून रिक्षाने दुकानापर्यंत गेलो. ही केवळ तात्पुरती प्रतिनियुक्ती आहे, असे रणजीतला बजावले.

१५ सप्टेंबर.
दुकानी जाऊन पाहणी केली. मासे पुन्हा रुपेरी. सहाही एकाच वेळी वळतात, जणू एकच मासा. मला ओळखून काचेजवळ आले. रणजीत म्हणतो, ते सगळ्यांकडेच येतात. त्याला बारकावे कळत नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी १.
विश्वजीत आला आहे. सोने दिल्याघेतल्यावर मी विजय घोषित केला: सहाही जिवंत! तो म्हणाला, "पण बाबा, ते दुकानात आहेत." मी निदर्शनास आणले, की ते 'कोठे' जगावेत, याचा अटीत उल्लेख नाही. छत्तीस वर्षांचा अनुभव!

तेवढ्यात अनुसूया पुरणाची वाटी ठेवीत म्हणाली, "बराबर आहे. जगले की! रणजीतकडे नेल्यावर जगले. तुम्हीही जगाल, विश्वजीतकडे नेल्यावर."

या युक्तिवादात कोठेतरी दोष आहे. अद्याप सापडलेला नाही.

दुपारी ४.
निषेध म्हणून बॅग भरण्यास ठाम नकार दिला. ती भरलेलीच होती.