हौदातली सगळ्यांत थोरली

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची बेटावर, माशांना चारा घालायच्या कामाला. सूर बंदराहून होडीत बसल्यापासून उलट्यांनी जीव नकोसा झाला होता, पण धक्क्यावर कोरडा वारा लागला आणि सडकून भूक लागली. हामूर माशांची पैदास करणारं हे घर दोघी बहिणींचं, थोरल्या खाला मौझा आणि धाकट्या खाला रय्या. आतल्या खोलीत त्यांचे बाबा हमूद आजारी असतात, ते कोणाला भेटत नाहीत. खाला मौझांनी दारातच मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझा नवरा शिडी घेऊन येईल, असं गावात सगळे चिडवतात. या म्हणाल्या, उंच आहेस, बरं झालं. मला त्या तिथेच आवडल्या.

पाहुणीचा मान म्हणून माशाचा पहिला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला. मी खाईपर्यंत दोघींनी भाताला हात लावला नाही. मग आईला फोन केला. तिला दिसत नाही, म्हणून मी आधी तिच्या आवडत्या गाण्याची ओळ म्हणते. ती म्हणाली, हां, माझी शम्सा.

१९ नोव्हेंबर
काम जमू लागलंय. हामूर जन्मतो तो मादीच. वर्षं गेली, अंग भरलं की एखादी नर होते. तितकं थांबायला सवड कोणाला? खाला रय्या तारलीच्या पोटात नराच्या हार्मोनची गोळी खुपसतात आणि हौदातल्या सगळ्यांत थोरल्या मादीला भरवतात. धाकटीला का नाही, विचारलं. म्हणाल्या, धाकटीला पेलवत नाही गं.

ती बिचारी मांजरीसारखी हाताशी येते. तिची अंडी आतल्या आत जिरून जाणार. मला तिची फार दया आली.

३ डिसेंबर
घसा बसलाय. गाण्याची ओळ वर जाताना फाटली. आई म्हणाली, मध घे. पाळीही चुकली. जागा बदलली की होतं असं.

पहिला तुकडा अजून मलाच. मी म्हटलं, खाला, आता मी पाहुणी थोडीच आहे? त्या हसून म्हणाल्या, "आमचा हात परतवणार का, पोरी?" असा हात कोण परतवतं? खाल्ला.

१४ डिसेंबर
खाला रय्या तापाने पडल्या, म्हणून दुपारी बाबांना पाणी पाजायला मी गेले. पांढरी दाढी, रुंद खांदे, आजारातही डोक्याला कानांवरून आवळलेला फेटा. पाणी पिताना तो सरकला. कानाच्या कडेला वरपासून खालपर्यंत भोकं होती. आमच्याकडे मुलींचे कान टोचतात तशी. माझेही तसेच आहेत.

त्यांनी माझं मनगट धरलं. "मलाही इथे चारा घालायलाच आणलं होतं. तेव्हा मला सालिमा म्हणायचे. यांच्या हातचं खाऊ नकोस, पोरी."

१५ डिसेंबर
तुकडा ताटातच फोडला. आत अर्धी विरघळलेली गोळी. तीच.

खाला मौझा बघत होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता नाही खाल्लंस तरी चालेल."

२२ डिसेंबर
बाबा गेले. कोणी रडलं नाही. त्यांचा दिश्दाशा, तो पांढरा पायघोळ झगा, धुऊन माझ्या खोलीत टांगला. माझ्या मापाचा आहे.

होडीला कुलूप. मी किल्ली मागितली. खाला रय्या म्हणाल्या, हौदाला एक नर लागतो, तसा घरालाही लागतो. मी म्हटलं, मला विचारलं होतं का कोणी?

२४ डिसेंबर
आईला फोन लावला. ओळ म्हटली. ती म्हणाली, "कोण रे तू? माझ्या मुलीची ओळ तुला कशी ठाऊक?" मी आई, आई करत राहिले. तिने ठेवला. आता उचलत नाही—

२७ डिसेंबर
हनुवटी खरडली. पुन्हा खरखरीत. भीती वाटते, फार भीती वाटते.

हौदातली थोरली आता नरासारखी काळी पडलीय. बाकीच्यांना हुसकते. मी काठावर गेले की वर येऊन माझ्याकडेच—

२९ डिसेंबर
होडी! खिडकीतून दिसला— खल्फान, माझा धाकटा भाऊ. आईनेच पाठवला असणार. सुटले.

माझे कपडे खालांनी जाळलेत. दिश्दाशा घालावा लागला. फेटाही त्यांनीच बांधला, कानांवरून घट्ट, टोक तोंडावरून घेऊन. म्हणाल्या, जा की, भेट त्याला. अडवत का नाहीत?

दारापर्यंत गेले. अंगणात खाला मौझा त्याला कॉफी ओततायत. सांगतायत, तुझी बहीण केव्हाच निघून गेली, हवं तर आमच्या बाबांना विचार. तो माझ्याकडे वळला. उठून उभा राहिला, मान खाली घालून, वडीलधाऱ्यांपुढे राहतात तसा. म्हणाला, "बाबा, माझी शम्सा कुठे आहे?"

माझा हा आवाज त्याने ऐकला तर— आत पळाले.

कान. कान दाखवते. लहानपणी माझ्या डुलांना लोंबकळायचा, ओळखेल. फेटा सोडतेय— गाठ मागे आहे, सुटत नाही— खाला रय्या आत आल्या. म्हणतात, "थांबा बाबा, नीट बांधून देते." मी—