जपानी इंजिन आणि माझा कान

३ डिसेंबर १९८६, बुधवार
आजपासून रोजनिशी. सांगणार मी, लिहिणार सून गुणवंती. वाचणार कोणी नाही. मला अक्षर येत नाही, आणि गुणवंती म्हणते, एकदा ऐकलं तेवढं पुरे. म्हटलं, हेही लिही.
विषय गाडीचा. हेरंबची फियाट. हेरंब गिरगावातला, बँकेत नोकरीला. सहा दिवस टाय, सातव्या दिवशी रेसर. फियाटचं मूळ इंजिन काढून जपानी इंजिन बसवलंय माझ्या मुलाने, रामदासने. पंधरा वर्षं मिलच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, जॉबर होता. संपात साचे गेले, हात राहिले.
११ जानेवारीला मुंबईबाहेर एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांची शर्यत. नंबर नको, दहा फेऱ्या पुऱ्या व्हाव्यात. झाल्या तर हेरंबचे चार मित्र आपापल्या गाड्या रामदासकडे देणार. नाहीतर रामदास म्हणतो, पुरे झाली मुंबई, सगळी देवगडला जाऊ.
मी देवगडला जाणार नाही. तिथे जाऊबाई आहे.
निश्चय: रामदासच्या गॅरेजच्या कामात तोंड घालायचं नाही.

४ डिसेंबर
गॅरेजात गेले. फक्त चहा द्यायला. इंजिन चालू होतं म्हणून थांबले. सव्वीस वर्षं मिलच्या वाइंडिंगखात्यात काढलीत, मशीनचं दुखणं मला आवाजावरून कळतं. रामदासला म्हटलं, ठिणगीचं टायमिंग जरा पुढे घे. त्याने घेतलं. इंजिन लोण्यासारखं! तो म्हणाला, होय आये, मलाही तसंच वाटतं.
हेरंब म्हणाला, आजी, तुम्ही मिलची माणसं, मशीन तुमच्याशी बोलतं. चांगल्या घरचा मुलगा आहे.

१० डिसेंबर, सकाळी ९
शेजारची रमाबाई भांडायला आली. गाडीच्या आवाजाने म्हणे तिच्या फळीवरचे डबे पडले. कसला आवाज? नवा सायलेन्सर लावलाय, गाडी मांजरासारखी पावलं टाकते. जन्मभर घरात बसून पापड लाटले की कान असे नाजूक होतात. तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ ओठ हलवत होती. आवाज काढायचीही धमक नाही.

१४ डिसेंबर, रविवार
वजन कमी करायला मागची सीट काढली. मी विचारलं, मग शर्यतीत मी बसणार कुठे? हेरंब आणि रामदास दोघेही एकदम टायर तपासायला लागले.

२१ डिसेंबर
आज गुणवंतीने अक्कल पाजळली. म्हणे रेस दिली की आत पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखं खुळखुळतं. रामदासने बोनेटखाली कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. मी लावला. मलाही नाही. दोन विरुद्ध एक. शिवाय आमची मिळून मिलमधली एकेचाळीस वर्षं, ती नुसती सातवी पास.
वाद मिटावा म्हणून टायमिंग आणखी केसभर पुढे घ्यायला लावलं.
गुणवंतीच्या पेन्सिलीचं टोक आत्ता मोडलं. जपून वापर गो.

२८ डिसेंबर
घरात हल्ली सगळी तोंडातल्या तोंडात बोलतात. मी आणि रामदास रेडिओ ऐकायला बसलो की नात बकुळा कानात कापूस घालते. थंडीच तशी पडलीय.

३ जानेवारी १९८७
निश्चय: शर्यतीपर्यंत मौन.
संध्याकाळी ७. मोडावं लागलं. हेरंब चाचरत विचारत होता, आजी, आत काही वाजतंय का? गुणवंतीने भरवलेलं, दुसरं काय. विचारलं, बाबा, मिलमध्ये किती वर्षं होतास? टाय सैल करत निघून गेला.

११ जानेवारी, रविवार
सहा फेऱ्या काय सुरेख गेली! मी शेजारच्या माणसाला सांगत होते, बघा, गाडी आहे असं कळतसुद्धा नाही. त्याने कानांवर हात ठेवले होते, तरी मान डोलावली.
सातव्या फेरीत निळा धूर. गाडी कडेला. सातवी पुरी झालीच नाही.
रामदास टायरवर बसून राहिला. हेरंब रागावला नाही. एवढंच म्हणाला की तो आवाज डिसेंबरपासून येत होता, वाटलं तुम्हाला माहीत असेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी
इंजिन उघडलं. पिस्टनला भोक. माझी करंगळी आत गेली. टायमिंग फार पुढे होतं म्हणे, म्हणून खुळखुळत होतं, म्हणून जळलं. रामदासने देवगडची ट्रंक खाली काढली. हेरंब म्हणाला, पिस्टन मी नवा आणतो, एप्रिलमध्ये परत शर्यत आहे, पण आधी दोघांनी कानाच्या डॉक्टरकडे चला.
मी ठणठणीत आहे. रामदासला सोबत म्हणून जाईन.

१५ जानेवारी, दुपार
हॉस्पिटल. हेरंब रजा काढून आला, गुणवंतीही सोबत. आधी रामदास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साच्यांच्या खडखडाटाने बारीक आवाज गेलेत, जाड तेवढे उरलेत. अर्धं साचेखातं असंच येतं. रामदासचा चेहरा उतरला. म्हणाला, कान नाही तर टायमिंग कसं लावू? आये, जाऊ या गावाला.
म्हटलं, मी आहे ना! माझा कान तपासू दे, मग बोल.
मला काचेच्या खोलीत बसवलं. डोक्याला मोठे फोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबलं. परत दाबलं. एकही सोडला नाही. बाहेर बाई हात हलवत होत्या, मला वाटलं शाबासकी. आणखी चार वेळा दाबलं.
शेवटी गुणवंती आत आली आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, आई, थांबा! मशीन अजून चालूच केलं नाहीये!
रामदास हसला. बाकड्यावर आडवा होऊन, डोळे पुसत. संपानंतर त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्यावर हसत होता, तरी चालेल म्हटलं. मग उठून हेरंबला म्हणाला, आण पिस्टन. हात माझे, कान गुणवंतीचा.
हे शेवटचं वाक्य लिहायला गुणवंतीला फार वेळ लागतोय. दोनदा लिहितेय, असा मला संशय आहे.