वासाची फेरी

४ मार्च
दूध करपलं. मी शेगडीसमोरच उभी होते. नवरा आतून धावत आला — "अगं, घरभर वास सुटलाय, लक्ष कुठंय तुझं?" म्हटलं, प्लँटचा विचार करत होते. मग न्हाणीघरात कडी लावून साबण हुंगला, फिनेल हुंगलं. काही नाही. सर्दी गेली ती नाक घेऊनच गेली.

५ मार्च
कुणाला सांगितलं नाही. सांगू कशी? आमचं कामच वासाचं. जहाजातून आलेला अमोनिया भट्टीत तापवून फोडायचा आणि त्यातून हायड्रोजन काढायचा. हायड्रोजनला वास नाही, अमोनियाला आहे, आणि तो गळला तर जीव घेतो. म्हणून रोज दोघांनी मिळून पाइपांवरून वासाची फेरी मारायची. एकाचं नाक चुकलं तर दुसऱ्याचं आहे. थोडीशी गळती असली तर सेन्सरच्या आधी नाकाला कळते. माझ्या जोडीला फिटरकाका असतात.

सोमवारी भट्टी पहिल्यांदा पूर्ण दाबावर चालवायची आहे. नाक गेलं म्हटलं की कंपनीचे डॉक्टर मला ऑफिसात बसवणार, आणि जिच्यासाठी मी चार वर्षं रक्त आटवलं ती भट्टी दुसराच कुणी पेटवणार. नाही सहन होणार मला. काकांचं नाक शाबूत आहे, तेवढं पुरे.

६ मार्च
काका बघतात. व्हॉल्व्हपाशी थांबलं की पाइपाकडे नाही, माझ्या तोंडाकडे! मी उगाच मोठा श्वास घेऊन "ठीक आहे" म्हटलं. तेव्हा कुठे ते पुढे सरकले.

७ मार्च
आज तर काकांनी विचारलंही — "ताई, काही जाणवतंय का?" आजवर कधी विचारलं नव्हतं. यांना संशय आलाय. साहेबांच्या कानावर घालणार.

८ मार्च
जेवण गेलं नाही. तसंही चव कुठे लागतेय.

९ मार्च
पंपाजवळ गॉगल पुसायला काढला आणि डोळे चुरचुरले. वास कसला, नुसतं घळाघळा पाणी. काका पंपावर वाकून उभे, गॉगल लावून, निवांत. दंडाला धरून त्यांना मागे खेचलं, तेवढ्यात सेन्सर ओरडला. पंपाचं पॅकिंग जाऊन अमोनिया गळत होता. कुणाला काही झालं नाही.

साहेब म्हणाले, "नाक असावं तर असं!" सगळे हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काकांना काही झालं असतं तर त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं? उद्या साहेबांना सांगणार. भट्टी पेटवू दे कुणालाही.

१० मार्च
साहेबांकडे जायच्या आधी काकांना सांगितलं — मला वास येत नाही, फेरीला मी नसल्यासारखीच होते.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "मला तर वर्ष झालं, ताई. म्हणून तर तुमच्या तोंडाकडे बघायचो."