शेडजवळची वॉलबी

सिग्नेट, ९ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (डावा अजून कुरकुरतो का?)

त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, चहा केला, आणि शेडच्या पायरीशी पोहोचल्यावर लक्षात आलं की संसारभराच्या सवयीने हातात डंकनचा कप आहे. डंकनला पुरून एकच दिवस झाला होता.

तुझ्या भावाचा नियम तुला ठाऊक आहे. शेडमधल्या जुन्या फ्रीजरमध्ये त्याचा शेवटचा भूकंपमापक चाळीस दिवस गारठत ठेवलेला. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात कुठे काय तडकतं ते त्या यंत्राने ऐकायचं, म्हणून चाचणी संपेपर्यंत कुणी पन्नास पावलांच्या आत फिरकायचं नाही. त्यासाठीच तर अंत्यविधीनंतरचं खाणं मी शेजारच्या कुरणात मांडलं, पाद्रीबुवांना नुसत्या मोज्यांवर चालवलं, आणि तुला सँडविच गाडीत बसून खावं लागलं. (अजून रागावली असशील तर राहा रागावलेली.) एवढा बंदोबस्त करून नियम मोडला कुणी? मी. त्या सकाळपासून रोज, सहा वाजून दहा मिनिटांनी.

आज संशोधन केंद्रातली ब्रॉनवेन नोंदीचा कागद घेऊन आली.

"मर्टल, बारा दिवस रेषा स्वच्छ, आणि मग रोज पहाटे हे काय? यंत्रात दोष असेल तर ते दक्षिणेच्या जहाजावर चढणार नाही."

डंकनची पुस्तकं मी वाचून काढलीत. चौदा ठोके, शांतता, परत चौदा ठोके; शेडपुढच्या काँक्रीटवर माझी पावलंही चौदाच पडतात, मला लगेच कळलं. तरी म्हटलं, "वॉलबी असेल. कांगारूची ती छोटी जात कुंपणाखालून शिरते."

"घड्याळ लावून येणारी?"

"नेमाची आहे."

"आणि चार मिनिटं उभी राहून करते काय?"

"चरते."

"काँक्रीटवर?"

मी तिला आणखी केक वाढला.

नऊ वर्षं डंकनने त्या यंत्राच्या पेटीत घातली, डोरीन. ती इथेच राहिली तर माझ्या पायांमुळे. पण गेलेल्या माणसाला चहा नेत होते, हे कोणत्या तोंडाने सांगू? वेडी म्हणाले तर चालेल. बिचारी म्हणाले तर सोसायचं नाही.

तुझी,
मर्टल

ता. क. प्राण्यांच्या दवाखान्यात तू तीस वर्षं काढलीस. वॉलबी रोज ठरल्या वेळी येऊ शकते, अशा दोन ओळी सहीनिशी पाठव.

आणखी ता. क. (१० ऑक्टोबर) पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. त्या ओळी नकोत. पहाटेच ब्रॉनवेनला फोन करून सांगितलं की वॉलबी मी आहे, डंकनचा चहा घेऊन जाणारी. ती म्हणाली, "नोंदीशी जुळवून बघावं लागेल. मी येते, तुम्ही तशाच चाला. कप रिकामा असला तरी चालेल."

मी चहा केला, कप भरून घेतला, काँक्रीटवरून चौदा पावलं गेले, चार मिनिटं उभी राहिले, परत आले. रेषा जुळली; यंत्रात दोष नाही. चहा मी प्यायले.