तलवारीशेजारचा फोन

मुक्काम देवास, शौर्यभियाच्या दुकानाचा माळा

तीर्थस्वरूप आत्यासाहेबांच्या पायांवर अजेय इकडूनच डोकं ठेवतो. मी खुशाल आहे, पोटही भरतंय. आपले गुडघे कसे आहेत? चिऊ तेल लावून देते ना? आपला फोन माझ्यापाशी आणि माझा फोन दादासाहेब उचलत नाहीत, म्हणून हे पत्र. अक्षर हिंदी शाळेचं आहे, चालवून घ्यावं.

निघताना आपण एकच म्हणालात, फोनची काच नाही बसली तरी चालेल, ह्यांचा आवाज तेवढा परत आण. भैयासाहेब गेले तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर त्यांनी पाठवलेला तो एकच निरोप आपण ऐकता, हे मला काय माहीत नाही? म्हणून तर धारच्या दोन दुकानांत "नया ले लो" ऐकूनही मी हटलो नाही. चार्जिंगला लावला की फोन तव्यासारखा तापतो, यावर घरात निकाल झालेलाच होता की अजेय गेम खेळतो. (आपण तो माठाला टेकवून गार करत होतात, हे मी दुकानात सांगितलेलं नाही.)

बसमध्ये झोप लागली. देवास झोपेतच गेलं, डोळा उघडला तो सोनकच्छला. उतरलो तर मंडीत सोयाबीनचे ढीग, घराएवढे. ते बघत बसलो आणि परतीची बसही गेली. तर असो, फोनचं सांगत होतो.

शौर्यभिया म्हणजे भोपाळपर्यंत असा हात नाही. (हे तो स्वतःच सांगतो, गिऱ्हाईकानं विचारायच्या आत.) तलवारीच्या म्यानाला आहे तशीच लाल मखमली गवसणी आपण फोनलाही शिवलीत ना, अस्तर लावून? ती उलटसुलट करत तो म्हणाला, "भिया, रजाई ओढाके चार्ज करते हो इसको?" मी म्हटलं, खानदानी फोन आहे. त्यानं गवसणी काढून फोन चार्जिंगला लावला, तरी तापलाच. बॅटरी बघितली, फुगलेली नव्हती. मग पाठीवरून बोट फिरवलं. वर गार, आणि खाली जिथं वायर खुपसतात तिथं चटका. तिथं भिंग धरून तो बराच वेळ बघत राहिला, मग मला म्हणाला, "तू ही देख ले. ये फोन है के मंदिर?"

आत कुंकू होतं, आत्यासाहेब. गंधात कालवलेलं, वाळून बसलेलं, आणि त्याच्या मागे एक अक्षत, अख्खी.

आता आठवा खंडेनवमी. ज्यावर ज्याचं पोट ते त्यानं पाटावर ठेवायचं, ही आपली रीत. दादासाहेबांची तलवार (पोट पेन्शनीवर आहे, पण ते असो), कृतिकाताईचा लॅपटॉप, आणि आपला फोन. पूजा आपण सगळ्यांची सारखीच केलीत, फोनला कुंकू जरा जास्त, कारण आत भैयासाहेब. दादासाहेबांनी तलवार उपसली, ती गंजानं अडली, मग एकदम सुटली आणि मूठ काचेवर. काच कुणी फोडली ते तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं होतं. फोन तापवला कुणी, ते आता कळलं. मी काही म्हणत नाही.

पण त्या भिंगाखाली मी जे पाहिलं ते कसं सांगू! त्यानं फोन उघडला तर आत मोहरीहून बारीक तुकडे, ओळीनं, एकही तिरका नाही. आपल्या रांगोळीत तरी एखादा ठिपका चुकतो. आणि त्यांच्यातच कुठंतरी भैयासाहेब बसलेले. मी चपला काढून बसलो. (शौर्यभिया हसला. हसू दे.) त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं, चार्जिंगचं तोंड नवं लावलं, दुसऱ्या फोनची काच तात्पुरती जोडली. उजेड आला. मी निरोपावर बोट दाबलं.

"ऐकलंत का, हाटपिपल्याला पोचलो. नरसिंहाचं दर्शन झालं. उशीर होईल, कढी झाकून ठेवा. मी येतो."

एक बाई हुज्जत घालायला आली होती, ती पदर सावरून खाली बसली. शौर्यभियानं स्वतःची तारीफ बंद ठेवली, यावरून काय ते समजा. मग त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. फोन गारच होता.

नवी काच बसली की फोन कृतिकाताईबरोबर दिवाळीला येईल.

आपला,
अजेय

ता. क. गेमचा आरोप मागे घ्या, असं दादासाहेबांना सांगावं. तलवारीचा विषय काढलात तर जेवण झाल्यावर काढावा.

आणखी एक. फोनबरोबर मी येणार नाही, माझा पेचकस येईल, स्क्रू पिळायचा. शौर्यभियानं मला कामावर ठेवून घेतलंय. मोहनखेड्याच्या भोजनशाळेतल्या कामावरून मी आठवड्यात पळालो होतो, हे मलाही आठवतं. पण तिथं भिंग नव्हतं. दर नवमीला मी रांगेच्या टोकाला रिकाम्या हातानं उभा असतो आणि दादासाहेब म्हणतात, "ह्याचे पाय ठेवा पाटावर, नुसता फिरतो." पुढच्या नवमीला हा पेचकस तलवारीशेजारी ठेवाल का? दादासाहेबांना आपणच विचारा, आपलं ते ऐकतात. तोवर आपल्यापाशी असू द्या, माझ्याकडे हरवेल.

कुंकू हवं तेवढं लावा. तो तापत नाही.