बाबांच्या रेषेचा पुढचा भाग

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला होता. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून तू नुसती बाबा घ्यायचे ती जंतूंची पूड पाण्यातून घेतोयस, आणि पुन्हा शौचातून रक्त पडायला लागलंय, हे तिच्याकडून कळलं. अगदी दबक्या आवाजात बोलत होती. तू शेजारच्या खोलीत असशील. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदखोदून विचारलं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. "जंतूंची हिशेबनीस" म्हणून तू मोकळा होतोस. पुडीतले चांगले जंतू आतड्यात किती तग धरतात, आणि आपल्याच आतड्यावर उठलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यामुळे किती शांत होते, ते मी समीकरणांत मांडते. तुझ्यासारखंच दुखणं घेऊन बाबा या पुडीच्या आमच्या चाचणीत आले तेव्हा म्हणाले, "माझ्या पोटाचं गणित तुझ्या आईला उभ्या जन्मात सुटलं नाही, तू काय सोडवणार?" नमुन्याची डबी द्यायला आले की दारावरच्या माणसाला ऐटीत विचारायचे, "आमच्या मॅडम आहेत का?" मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला अपूर्णांक शिकवले होते ते त्यांनीच, शिवणाच्या टेबलावर, कापडाचे तुकडे करून.

बाबा वारल्यावर मी कामावर परतले, तर पडद्यावर त्यांच्या आतड्याच्या सुजेची रेषा चालूच होती. खाली उतरत होती, म्हणजे सूज ओसरत होती. घाबरून मी पडदा बंद केला. मग पुन्हा उघडला. त्यानंतर रोज उघडत राहिले. कालच्यापेक्षा आज बाबा जरा बरे असायचे. खुर्ची करकरली तरी वाटायचं, मागे उभे आहेत, टेप गळ्यात टाकून.

तू मला घ्यायला आलास तेव्हा हीच रेषा पाहिलीस. "हृदयाने दगा दिला गं, पण पोट बघ कसं सुधारलं होतं!" म्हणालास आणि तिचा फोटो काढलास. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तू वहिनीला फोन लावलाही होतास. किती दिवसांनी हसत होतास.

दादा, बाबांचा शेवटचा नमुना आला तेव्हा सूज वाढलेलीच होती. त्यापुढची रेषा त्यांची नाही. नमुने यायचे थांबले की संगणक चाचणीतल्या बाकीच्या लोकांवरून अंदाज बांधून पुढचं भरत जातो. माणूस का थांबला, ते त्याला ठाऊक नसतं. ज्यांच्याकडे बघून तू गोळ्या सोडल्यास, ते बाबा कधी नव्हतेच. आज सकाळी मी तो भाग पुसला. तुला न विचारता. त्यांना पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटलं. आता तुझ्याकडचा फोटो तू पुस, आणि आजच डॉक्टरांकडे जा. बाबांना मी पडद्यावर रोज बरं होताना पाहिलंय. तुला तसं पाहायची माझ्यात ताकद नाही.

तुझीच,
धाकटी