मेणबत्तीला तांब्याचं बूड

ओरोफिनो, आयडाहो
६ सप्टेंबर १९८७

ती. अर्लीटाताईस,
वर्लिनचा सा. न. वि. वि.

ओपल तुझ्याकडे सुखरूप पोचली असेलच. शुक्रवारी अचानक बॅग भरली आणि मिसूलाच्या बसमध्ये जाऊन बसली. रात्रीचं जेवण फ्रीजमध्ये आहे, एवढंच म्हणाली. तुझा प्लमचा जॅम करायचा असेल, असं मी धरून चाललोय. वाचायचा चष्मा इथंच विसरून गेली बघ, वेंधळी कुठली.

इकडे मात्र आनंदीआनंद आहे. सव्वीस तारखेला शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमागं जुन्या रायफलींची स्पर्धा. अट एकच, गोळी घरी ओतलेली हवी. चार वर्षं तो पोस्टमास्तर क्लीटस बक्षिसाचा हॅम पळवतो, आणि वर वर्षभर तिकिटं विकताना मला ऐकवतो. माझं शिसं उत्तम, गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं वितळवून केलेलं. प्रत्येक गोळीच्या बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवतो, म्हणजे बारुदाच्या झळेनं बूड वितळत नाही. मग गोळी डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून दाबून काढतो, की झाली बरोबर नळीच्या मापाची. घोडं अडत होतं ते गोळीला लावायच्या मेणाच्या वंगणापाशी. बाजारातल्या मेणात सगळी भेसळ. चार बार काढले की नळीत शिसं धरायचं, आणि पाचवी गोळी कुठं जाईल ते देव जाणे.

आणि गंमत बघ, अस्सल मेण घरातच निघालं. कपाटाच्या वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली मनगटाएवढी मेणबत्ती होती. वर्षातून एखाद्या वेळी पेटलेली दिसायची, बाकी नुसती पडून. ती वितळवली, थोडं तेल घातलं आणि दोनशे गोळ्यांच्या खाचा भरून टाकल्या. गुरुवारी पाच बार काढले, पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकतील. ओपलला सांगितलं तर ती ओट्याला टेकून नुसती बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

तिला एवढं विचार की दूध तापवायचं दुसरं पातेलं कुठं ठेवलंय. पहिल्याला वंगणाचा वास धरलाय.

लोभ आहेच, क्लीटसचा पाडाव होईपर्यंत जरा जास्त असू दे.
तुझा वर्लिन


मिसूला
९ सप्टेंबर

चि. वर्लिन यास,
अर्लीटाचे आशीर्वाद, आज हात आखडूनच.

तुझं पत्र मी ओपलला वाचून दाखवलं, कारण तिचा चष्मा तिकडे. दुधाच्या पातेल्यापर्यंत आल्यावर ती उठून अंगणात निघून गेली.

अरे शहाण्या, ती मेणबत्ती तिच्या आईनं घरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांचं मेण साठवून तुमच्या लग्नासाठी ओतली होती. चर्चमध्ये तुम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरून ती पेटवलीत. मी पहिल्या बाकावर होते, तुझा हात कापत होता. तेव्हापासून दर तीन ऑक्टोबरला ओपल ती जेवणाच्या टेबलावर लावते. आई गेल्यावर तिच्या हातची तेवढीच वस्तू उरली होती. तू दरवर्षी अर्ध्या जेवणातून उठून गॅरेजात पळतोस, मग तुला ती 'पडून' दिसणार नाही तर काय?

मी आपली तुझी बाजू घ्यायला गेले, की पुरुषांना कुठं कळतं असलं काही. तर ती म्हणाली, "त्यानं मागितली असती तर मी दिलीसुद्धा असती, वन्सं. पण ती कुणाची, हेच त्याला आठवलं नाही." 

जॅम करून केव्हाच झाला. ही परतीचं नाव काढत नाही.

देव तुझ्या डोक्यात उजेड पाडो, मेणबत्ती नसली तरी.
अर्लीटा


ओरोफिनो
१४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

चूक झाली, मान्य. पण फडक्यावर तसं लिहून ठेवायला काय हरकत होती? दुकानातून एक नवी मेणबत्ती आणली आहे, गुलाबी, वर फूलही आहे. शिवाय मेण काही वाया गेलेलं नाही. सोबत पाच भोकांचा कागद पाठवतोय, ओपलला दाखव. म्हणावं, तुझ्या आईच्या मेणानं हे करून दाखवलं. म्हातारीला धन्यता वाटली असती.

घर फार मोठं वाटतंय. हे तिला सांगू नकोस.

रागावलीस तरी ओढ कमी करू नये.
वर्लिन


मिसूला
१८ सप्टेंबर

चि. वर्लिन,

तुझा कागद पोचला. ओपलनं तो जॅमच्या गळक्या बरणीखाली घातलाय, पाचही भोकांतून पाक चांगला खाली उतरतो. तिची आई कपाळ बडवून घेत असेल.

आता गंमत पुरे. कोपऱ्यावरच्या बेकरीत ओपलला काम मिळालंय, पाच ऑक्टोबरपासून. खोलीही बघतेय. तीन तारखेला, लग्नाच्या वाढदिवशी, ती तिकडे येईल ती चष्मा आणि थंडीचा कोट घ्यायला, आणि रविवारच्या बसनं परत. मी तिला थांबवणार नाही. तुला जमलं तर बघ, आणि ते गुलाबी प्रकरण तिच्या नजरेला पडू देऊ नकोस.

अजून तरी तुझीच बहीण,
अर्लीटा


ओरोफिनो
२७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल स्पर्धा झाली. अकरा जणांत मी नववा. क्लीटसनं पाचव्यांदा हॅम नेला आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून सल्ला दिला, की वर्लिन, सगळी मेख वंगणात असते बघ. मी बरं म्हटलं. बाजारचं वंगण लावलेल्या जुन्या गोळ्या घेऊन गेलो होतो, दुसरं काय होणार?

चांगल्या गोळ्या मी शुक्रवारी उकळून काढल्या. पाण्यावर मेण आलं, ते निवल्यावर उचलून घेतलं. सरावात जेवढ्या झाडल्या त्यांचं मेण निशाणामागच्या मातीच्या बांधात गेलं, ते काही परत मिळत नाही.

माझा हात कापत होता असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून आठवतोय, तिचा हात शेवटचा कधी धरला होता. आठवत नाही गं. रायफल कधी हातात घेतली, ती प्रत्येक वेळ आठवते. लाज वाटली.

तिला यातलं काही कळवू नकोस. येऊ दे चष्मा न्यायला.

तुझी माया या गाढवाला सोडून जाऊ नये.
वर्लिन


ओरोफिनो
४ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
ओपलचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत आजच्या बसवरून तुम्ही रिकाम्या हातानं परतला असाल, कारण मी इथंच राहतेय. बेकरीवालीला सांगा, दुसरी बाई बघ म्हणावं, आणि माझ्या वतीनं माफीही मागा.

काल घरात शिरले तर टेबल मांडलेलं. एल्क हरणाचा तुकडा जळालेला, बटाटे कच्चे. मधोमध माझा मेणबत्तीचा स्टँड, आणि त्यात ते ध्यान. वीतभर, हिरवट करड्या रंगाचं, एका अंगाला कललेलं. वासानं तर अख्खं गॅरेज जेवायला आल्यासारखं वाटलं. वर्लिन शाळेतल्या पोरासारखा बाजूला उभा राहून सांगू लागला. आधी म्हणे स्टँडचं भोक मोजलं, मग पाइपात मेण ओतलं, दाबून बरोबर मापाचं केलं. आणि बुडाला, वन्सं, तांब्याच्या पत्र्याची वाटी ठोकून बसवली आहे, खालून वितळू नये म्हणून. मी हसता हसता रडले की रडता रडता हसले, मला आता नीट सांगता येत नाही. राग होताच, तो सगळा गेला असंही नाही. जी आईनं ओतली होती ती ही नव्हेच. पण आईचंच मेण आहे, त्यातलं थोडं बांधात गेलेलं सोडून.

पेटवू का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. काडी दोघांनी धरली आणि याचा हात कापत होता.

जेवण झालं, वरचं गोडही खाऊन झालं. मी त्याची खुर्ची सरकायची वाट बघत बसले, सवयीनं. ती काही सरकेना. शेवटी मीच विचारलं, आज गॅरेजात काम नाही का? तर मान खाली घालून म्हणतो, "वाटी किती तापते ते बघायचंय."

बसला की हो. दोन्ही कोपरं टेबलावर, डोळे मेणबत्तीच्या बुडाशी. मीही चष्मा लावला आणि वाटीच बघत असल्यासारखी शेजारी बसले. अर्धी उरली तेव्हा मी फुंकर मारली. सगळी संपवून कसं चालेल, पुढच्या वर्षी हा काय बघत बसेल?

दुधाचं एक पातेलं मात्र पाठवा. दुसरं आमच्याकडे कधी नव्हतंच, आणि त्या पहिल्याला खरंच वास येतोय.

तुमची माया आम्हा दोघांना मिळून असावी.
तुमची ओपल